अनेक प्रणालींवर चालणाऱ्या एम्युलेटरच्या ब्रँचेस कशा सांभाळाव्यात

लिनक्स, विंडोज, मॅकओएस आणि बीएसडी अशा निरनिराळ्या प्रणालींवर चालणारा एम्युलेटर (दुसऱ्या संगणकाची नक्कल करणारा प्रोग्राम) हाती घेतला की प्रत्येक प्रणालीसाठी वेगळी ब्रँच, म्हणजे कोडमधील बदल नोंदवणाऱ्या गिट या साधनातील स्वतंत्र शाखा, काढावी, असे नव्या प्रोग्रामरला हमखास वाटते. तसे मुळीच करू नये. विंडोजच्या ब्रँचमधील दुरुस्ती लिनक्सच्या ब्रँचपर्यंत पोचत नाही आणि एकाच दोषाच्या दोन दुरुस्त्या जुळवत बसण्याची वेळ येते. फाब्रिस बेलार यांनी सुरू केलेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्यूईएमयू या मुक्तस्रोत एम्युलेटरमध्ये प्रणालींमधील फरक फायलींमध्ये ठेवला आहे. मेमरी मागून घेण्यासारखी कामे युनिक्स कुळासाठी 'ओएसलिब-पॉझिक्स' या फायलीत, तर विंडोजसाठी 'ओएसलिब-विन३२' या फायलीत असतात आणि त्यांपैकी कोणती कंपाइल करायची हे बिल्डच्या वेळी, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करताना, ठरते. मुख्य ब्रँच सर्वांसाठी एकच, म्हणजे 'मास्टर'.

आपले काम ताज्या मास्टरवरून काढलेल्या ब्रँचमध्ये करावे आणि एका ब्रँचमध्ये एकच विषय ठेवावा. मास्टर पुढे सरकला तर तो आपल्या ब्रँचमध्ये मर्ज न करता (मिसळून न घेता) आपली ब्रँच त्यावर रिबेस करावी, म्हणजे आपले बदल ताज्या मास्टरवर पुन्हा रचावेत.

प्रत्येक कमिट (नोंदवलेला एकेक बदल) स्वतंत्रपणे बिल्ड झालाच पाहिजे, याबाबत मात्र कोणतीही सवलत घेऊ नये. समजा, एका फंक्शनला नवा पॅरामीटर जोडला, त्याच कमिटमध्ये 'पॉझिक्स' फाइल सुधारली आणि 'विन३२' फाइल पुढच्या कमिटसाठी ठेवली. लिनक्सवर सारे सुरळीत दिसेल. पण पुढे कधीतरी विंडोजवरचा दोष कोणत्या कमिटने आला हे 'गिट बायसेक्ट'ने मधले कमिट तपासत शोधणारा माणूस नेमका या कमिटवर अडकेल, कारण तेथे बिल्डच होणार नाही. म्हणून पॅच (आपले बदल) प्रकल्पाकडे पाठवण्यापूर्वी 'गिट रिबेस'ला 'एक्झेक' हा पर्याय जोडून प्रत्येक कमिटवर बिल्ड आणि चाचण्या चालवाव्यात. त्यात वेळ जातो, पण तो सत्कारणी लागतो. विंडोजचे बिल्ड लिनक्सवरच मिनजीडब्ल्यू या क्रॉस-कंपायलरने (एका प्रणालीवर दुसरीसाठी प्रोग्राम तयार करणाऱ्या साधनाने) करता येते, त्यामुळे हाताशी विंडोज नाही ही सबब उरत नाही.

क्यूईएमयूमध्ये विभागवार मेंटेनर (त्या भागाची जबाबदारी सांभाळणारे) तपासलेले पॅच आपापल्या ट्रीमध्ये, म्हणजे कोडच्या स्वतःच्या प्रतीत, गोळा करतात आणि स्वाक्षरी केलेल्या टॅगसह (खुणेसह) पुल रिक्वेस्ट, म्हणजे ते बदल मुख्य कोडमध्ये घेण्याची विनंती, पाठवतात. ती आधी 'स्टेजिंग' ब्रँचवर जाते आणि तेथील स्वयंचलित चाचण्या पार पडल्यावरच मास्टरमध्ये येते.

नवी आवृत्ती साधारण दर चार महिन्यांनी निघते. रिलीजपूर्वीचा हार्ड फ्रीझ (बदल गोठवण्याचा काळ) लागल्यावर मास्टरमध्ये केवळ दोषदुरुस्त्या घेतल्या जातात आणि नव्या सोयी मेंटेनरच्या ट्रीमध्ये थांबून राहतात. रिलीजसाठी आधीच वेगळी ब्रँच काढण्यापेक्षा मला ही पद्धत सरस वाटते, कारण त्या काळात सर्वांची नजर एकाच कोडवर राहते.

रिलीजनंतरच्या दुरुस्त्यांसाठी स्थिर ब्रँच ठेवावी, पण दुरुस्ती आधी मास्टरमध्ये आणि मगच तेथून स्थिर ब्रँचमध्ये, हा क्रम मोडू नये. निवडक कमिट दुसऱ्या ब्रँचमध्ये आणणाऱ्या 'गिट चेरी-पिक'ला 'एक्स' हा पर्याय दिल्यास मूळ कमिटचा क्रमांक कमिटच्या संदेशात आपोआप नोंदला जातो. दुरुस्ती ज्या फंक्शनवर अवलंबून आहे ते जुन्या आवृत्तीत नसेल, तर ते फंक्शन छोटे असल्यासच सोबत आणावे. अन्यथा दुरुस्ती जुन्या कोडला साजेशी नव्याने लिहावी आणि काय बदलले ते संदेशात स्पष्ट नमूद करावे.