गरम झाली की बंद पडते : इग्निशन टायमिंगच्या सर्किटमधला दोष कसा शोधावा

मे महिन्याची दुपार, नागपूरच्या वर्धा रोडचा सिग्नल, आणि गाडी बंद. सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण पकडत नाही. पाऊण तासाने, इंजिन निवल्यावर, तीच गाडी एका किल्लीत चालू होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजमध्ये नेली तर काहीच सापडत नाही. मग स्कॅनरवर पी०३३५ कोड दिसतो म्हणून क्रँक सेन्सर (इंजिनचा क्रँकशाफ्ट कुठवर फिरलाय ते सांगणारा) बदलला जातो आणि आठवडाभराने पुन्हा तोच सिग्नल, तोच तमाशा.

पी०३३५ एवढंच सांगतो की क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड आहे. सर्किटमध्ये सेन्सर आला, त्याच्या दोन-तीन वायरी आल्या, कपलर (वायरींचा प्लग), अर्थ आणि ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटरही आला. यातलं नेमकं काय बिघडलंय हे कोड सांगत नाही, ते मीटरने शोधावं लागतं. आणि नागपुरात तरी ते इंजिन गरम असताना शोधावं.

आधी टायमिंग ठरतं कसं ते

टायमिंग म्हणजे प्लगची ठिणगी नेमकी कधी पडावी ते. फ्लायव्हीलवर किंवा क्रँकच्या पुलीमागे दातेरी रिंग असते. बऱ्याच गाड्यांत ती ६० दात्यांच्या मापाची असून त्यातले २ दाते मुद्दाम काढलेले असतात. म्हणजे दर दात्याला ६ अंश, आणि ती रिकामी जागा ही ईसीएमची खूण. पिस्टन कुठे आहे हे क्रँक सेन्सर सांगतो. तो कॉम्प्रेशनला वर आलाय की एक्झॉस्टला, हे कॅम सेन्सर सांगतो. त्यावरून ईसीएम कॉइलला (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) हुकूम देतो. ३००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात १८ अंश फिरतो, तेव्हा सिग्नल क्षणभर जरी तुटला तरी ठिणगी भलत्याच जागी पडते किंवा पडतच नाही. गाडी मिसिंग मारते, पिकअप जातो, नाहीतर सरळ बंद होते.

ईसीएमवाल्या गाड्यांमध्ये हाताने टायमिंग ‘सेट’ करण्यासारखं काही उरलेलं नाही. डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंग लाइटखाली खूण जुळवायची, ते काम जुन्या कार्बुरेटरच्या गाड्यांबरोबर गेलं.

लागणारं सामान

लाइव्ह डेटा (चालू रीडिंग) दाखवणारा ओबीडी स्कॅनर, म्हणजे ईसीएमचे कोड वाचणारं यंत्र, डिजिटल मल्टिमीटर, २१ वॅटचा बल्ब दोन वायरी जोडून, दोन-तीन बारीक टाचण्या, कॉन्टॅक्ट क्लीनर आणि आपल्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम. वायरीचा रंग ‘साधारण असाच असतो’ म्हणून काम करू नका. आणखी एक, सेन्सरच्या सिग्नल वायरला बल्बवाला टेस्टर लावू नका. तो ओढेल तेवढ्या करंटने ईसीएमचं आतलं सर्किट जाऊ शकतं. तिथे फक्त मल्टिमीटर.

कोड पुसण्याआधी वाचा

घाईत सगळ्यात मोठी चूक होते ती इथे. कोडसोबत ईसीएम त्या क्षणाची नोंद ठेवतो, तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात : कूलंटचं तापमान, आरपीएम, वेग. कोड पुसला की ती नोंदही जाते. तिचा फोटो काढून ठेवा. कूलंट शंभराच्या आसपास आणि आरपीएम आयडलचा (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) असेल तर ट्रॅफिकमध्ये तापून दोष आलाय. वेग ६० आणि इंजिन अजून कोमट असेल तर हादऱ्याने हलणारा कपलर किंवा अर्धवट तुटलेली वायर आधी बघावी.

पी०३३५ ते पी०३३९ हे क्रँक सेन्सरच्या सर्किटचे कोड, पी०३४० ते पी०३४४ कॅमचे, पी०३५१ पासून पुढचे एकेका कॉइलचे, आणि पी०३२५ नॉक सेन्सरचा (इंजिनची खटखट ऐकणारा). पी००१६ मात्र वेगळ्या जातीचा. क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाही असं तो म्हणतो, आणि तिथे बहुधा ताणलेली टायमिंग चेन, एक दाता सरकलेला बेल्ट किंवा घाण ऑइलने अडकलेला व्हीव्हीटीचा (कॅमचं टायमिंग बदलणाऱ्या यंत्रणेचा) व्हॉल्व्ह निघतो. आधी ऑइलची डिपस्टिक बघा, वायरिंग नंतर.

बॅटरी आणि अर्थ

इंजिन बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. सेल्फ मारताना ती ९.६ च्या खाली जात असेल तर पुढच्या कुठल्याच रीडिंगवर विश्वास ठेवू नका. नंतर मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावून सेल्फ मारायला सांगा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर अर्थ कच्चा आहे. अर्थ स्ट्रॅपचा बोल्ट काढा, पॉलिश पेपरने घासा, पुन्हा आवळा. निम्मी गूढ दुखणी इथेच संपतात, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

सेल्फ मारताना आरपीएम बघा

स्कॅनरवर आरपीएम उघडा आणि सेल्फ मारा. १५० ते २५० च्या दरम्यान आकडा आला तर क्रँकचा सिग्नल ईसीएमपर्यंत पोचतोय. ठिणगी नसेल तर कॉइल, फ्यूज, रिले बघा. इंजिन फिरतंय आणि आकडा शून्यच, तर सिग्नल वाटेत कुठेतरी मरतोय. ही चाचणी गाडी बंद पडल्या पडल्या करायची. निवल्यावर केलेल्या चाचणीला काही किंमत नाही. आजकाल बोटभर ब्ल्यूटूथ स्कॅनर गाडीत ठेवता येतो, तो अशा वेळी कामाचा.

सेन्सरच्या कपलरवर

कपलर काढून आत बघा. हिरवट बुरशी, ऑइल, मागे सरकलेली पिन, सैल लॉक. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी ओसंडला तेव्हा ज्या गाड्यांत पाणी शिरलं, किंवा नरेंद्रनगरच्या अंडरब्रिजच्या पाण्यातून ज्या दरवर्षी काढल्या जातात, त्यांच्या कपलरमध्ये हा हिरवा थर कित्येक महिन्यांनी त्रास देऊ लागतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वाळू द्या.

तीन वायरींचा सेन्सर बहुधा हॉल इफेक्टचा (सप्लायवर चालणारा, आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला). किल्ली ऑन, कपलर काढलेला : एका पिनवर ५ किंवा १२ व्होल्ट (मॉडेलप्रमाणे), एक अर्थ, आणि तिसऱ्या सिग्नल पिनवर बहुतेक गाड्यांत ईसीएमकडून आलेले ५ व्होल्ट. बॅटरीच्या प्लसपासून त्या अर्थ पिनपर्यंत मोजा. बॅटरीएवढंच दिसायला हवं. सप्लायच येत नसेल तर सेन्सर बदलून काय होणार? सप्लाय नीट असेल तर कपलर परत लावून मागच्या बाजूने टाचणी सरकवा आणि क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन फिरण्याच्या दिशेनेच हळूहळू फिरवा. सिग्नल शून्य आणि ५ व्होल्ट असा उड्या मारायला हवा. वायरीचं वेष्टण टोचून मोजू नका. त्या भोकातून पावसाळ्यात पाणी जातं. आणि हॉल सेन्सरचा ओहम मोजण्याच्या फंदात पडू नका, त्यातून काही कळत नाही.

दोन वायरींचा चुंबकी असतो. त्याला सप्लाय लागत नाही. कपलर काढून सेन्सरच्या दोन पिनांत मोजा, साधारण २०० ते १५०० ओहममध्ये मॉडेलप्रमाणे आकडा येतो. कुठलीही पिन ते सेन्सरची बॉडी, पूर्ण तुटक हवं, म्हणजे मीटरने काहीच जोड दाखवू नये. मग मीटर एसी व्होल्टवर ठेवून सेल्फ मारा, अर्धा व्होल्टच्या आसपास तरी यावा. हाताने फिरवून हा सेन्सर सिग्नल देत नाही, त्याला वेग लागतो. टोकावर लोखंडाचा चुरा चिकटला असेल किंवा रिंगपासून अंतर वाढलं असेल तरी सिग्नल दुबळा होतो. दुरुस्तीत याच्या दोन वायरी उलट जोडल्या गेल्या तर सिग्नल उलटा होतो. सगळं ‘नवं’ असूनही गाडी नीट चालू होत नाही.

आता गरम चाचणी. ओहम मोजत असतानाच हेअर ड्रायरने सेन्सर तापवा. आकडा थोडा वाढणं स्वाभाविक आहे, पण एकदम ‘ओपन’ दाखवला तर चोर सापडला. रस्त्यात बंद पडली असेल तर सायलेन्सरपासून हात सांभाळून फक्त सेन्सरवर ओलं फडकं ठेवा. दोन-तीन मिनिटांत गाडी चालू झाली तर सेन्सरवर संशय पक्का.

वायरिंग

इंजिन आयडलला ठेवून हार्नेस (वायरींचा जुडगा) वीतवीतभर अंतरावर हलवत जा आणि आरपीएमकडे लक्ष ठेवा. उंदीर-घुशींनी कुरतडलेल्या जागा बहुधा बॅटरीखाली आणि फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) सापडतात. संशय असलेली वायर दोन्ही टोकांना सोडवा (बॅटरीचा मायनस काढून), १ ओहमपेक्षा कमी हवी. पण बीप वाजली म्हणून वायर चांगली असं समजू नका. मीटर इतका कमी करंट सोडतो की गंजलेल्या जोडातूनही बीप येते. दोन्ही टोकं सोडवलेल्या त्याच वायरीतून २१ वॅटचा बल्ब पेटवा. मंद पेटला किंवा हलवताना लुकलुकला तर आत जोड गेलाय.

बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल तर इथूनच सुरुवात करा. गॅस हळू जळतो म्हणून टायमिंग पुढे ओढणारा एक छोटा डबा बसवतात, आणि कित्येकदा तो क्रँक सेन्सरची वायर कापून, पीळ देऊन, टेप गुंडाळून जोडलेला असतो. उन्हात टेपचा गोंद वितळतो आणि पीळ सैल होतो. आधी तो डबा बायपास करून गाडी चालवून बघा.

कॉइल आणि नॉक सेन्सर

एकाच सिलिंडरचा मिसफायर (इंधन नीट न पेटल्याचा) कोड असेल, समजा पहिल्याचा पी०३०१, तर १ आणि ३ च्या कॉइल अदलाबदल करा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल खराब. जागचा हलला नाही तर प्लग, इंजेक्टर किंवा त्या कपलरच्या वायरी. चालू इंजिनवर कॉइल उपटून ‘ठिणगी बघणं’ बंद करा, तिथे वीस-तीस हजार व्होल्ट असतात. चेक लाइट लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका, न जळलेल्या पेट्रोलने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा डबा) खराब होतो.

नॉक सेन्सरचं सर्किट तुटलं की ईसीएम सावधगिरी म्हणून टायमिंग मागे घेतो. गाडी बंद पडत नाही, नुसती मरगळते आणि पेट्रोल जास्त पिते. त्याचा बोल्ट साधारण २० न्यूटन मीटरला आवळायचा, खाली जादा वॉशर न टाकता. कमी-जास्त आवळला तर नवा सेन्सरही चुकीचं ऐकतो.

दुरुस्तीनंतर

कोड पुसा. क्रँक सेन्सर बदलला असेल तर काही मॉडेलमध्ये स्कॅनरने रीलर्न (ईसीएमला नव्या सेन्सरची ओळख) करावं लागतं, नाहीतर मिसफायरचे खोटे कोड येतात. मग दुपारी एसी लावून बुटीबोरीपर्यंत जाऊन या, परत आल्यावर दहा मिनिटं आयडलला उभी ठेवा, बंद करा, पाच मिनिटांनी पुन्हा चालू करा. चेक लाइट लागली नसली तरी स्कॅनरवर ‘पेंडिंग’ कोड बघायचा, कारण बरेच कोड दुसऱ्या फेरीत पक्के होतात.