टोमॅटोसोबत झेंडू: परसबागेतली तयारी पोळ्यापासूनच

ज्वारीभोवती करडईची काटेरी कड, कापसात तुरीची तासं, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. परसबागेत मात्र टोमॅटोचा वाफा नुसता टोमॅटोचा असतो आणि झेंडू लावलाच तर दसऱ्याच्या तोरणापुरता. कशासोबत काय लावायचं हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. गडबड होते ती वेळेची. टोमॅटोचं रोप लावलं त्याच दिवशी शेजारी झेंडूचं बी टाकलं, तर झेंडू फुलेपर्यंत टोमॅटोत अळी शिरलेली असते. झेंडूचं काम अळीच्या पतंगाला स्वतःकडे ओढून घ्यायचं, म्हणून सोबतीचं झाड वयाने मोठं हवं.

बी कधी टाकायचं

पोळ्याच्या सुमारास झेंडूचं बी टाका. उंच वाढणारा, मोठ्या पिवळ्या-केशरी फुलांचा झेंडू घ्या; बुटका इथे कामाचा नाही. त्यानंतर २० दिवसांनी, म्हणजे गणपती उठल्यावर पाच-सहा दिवसांनी, टोमॅटोचं बी टाका. पितृपंधरवडा आहे म्हणून थांबू नका. कोजागरीला झेंडूचं रोप ४५ दिवसांचं आणि टोमॅटोचं २५ दिवसांचं होतं. दोन्ही एकाच दिवशी लावा, म्हणजे फुलं दोघांना बरोबरीने येतात.

वाफा आणि लागण

आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. म्हणून ३ फूट रुंद, पाऊण फूट उंच गादीवाफा करा आणि त्यात कुजलेलं शेणखत मिसळा. टोमॅटोच्या दोन ओळी, ओळींत २ फूट आणि रोपांत दीड फूट अंतर. शेतात टोमॅटोच्या १६ ओळींमागे झेंडूची १ ओळ घेतात. घरी १६ रोपांच्या वाफ्याला दोन्ही टोकांना दोन-दोन झेंडू पुरतात. मातीवर सोयाबीनचं भुसकट पसरा.

झेंडू रोज बघायचा

हरभऱ्यावरची घाटे अळी, कापसावरची हिरवी बोंडअळी आणि टोमॅटो पोखरणारी अळी, ही एकच. तिचा पतंग झेंडूच्या कळ्या-फुलांवर अंडी घालायला येतो. अंडं खसखशीच्या दाण्याएवढं, पिवळसर पांढरं, एकेकटं असतं. सकाळी फूल वाकवून पाकळ्यांच्या आत बघा. काळी विष्ठा दिसली की आत अळी आहेच. ते फूल खुडून साबणाच्या पाण्यात बुडवा. हे काम टाळलं तर झेंडूवर वाढलेली अळी पुढे टोमॅटोवरच जाते, आणि त्यापेक्षा झेंडू न लावलेला बरा.

झेंडूच्या मुळांतल्या द्रव्याने मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी, म्हणजे मातीतले बारीक जंतही कमी होतात, पण त्यासाठी झेंडू दाट आणि हंगामभर जमिनीत हवा. चार झाडांकडून ती अपेक्षा ठेवू नका.

आणखी जोड्या

कोबीसोबत मोहरी. तीही कोबीच्या १५ दिवस आधी पेरायची आणि लागणीनंतर २५ दिवसांनी पुन्हा एकदा. कोबीवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग मोहरीकडे वळतो.

मिरचीच्या कडेने मक्याच्या दोन ओळी तीन-चार आठवडे आधी लावा. वाऱ्यासोबत येणारे फुलकिडे आणि पांढरी माशी तिथे अडतात. मक्यात चवळी टोका. चवळीवर मावा आला तर लगेच फवारणी करू नका. त्याच्यामागे ढालकिडे येतात आणि शेजारच्या मिरचीवरचाही मावा खातात.

कोथिंबीर सगळी खुडू नका. चार-पाच झाडं फुलू द्या. तिच्या पांढऱ्या छत्र्यांवर मित्रकीटक येतात, आणि शेवटी घरचे धनेही मिळतात. शेपूचंही तसंच.

काय शेजारी नको

वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा ही एकाच घराण्यातली. त्यांचे रोग-किडी बऱ्याच अंशी सारख्या असतात. भेंडीजवळ अंबाडी नको, कापसाच्या बांधालगत तर भेंडी नकोच. तुडतुडे आणि पांढरी माशी इकडून तिकडे करतात. पांढऱ्या माशीमुळे भेंडीवर केवडा, म्हणजे पानांच्या शिरा पिवळ्या पडणारा रोग, पसरतो. या रोगाला तोंड देणारं वाण म्हणून परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी क्रांती’ काढलं.

फेब्रुवारीनंतर बोअरचं पाणी कमी व्हायला लागतं, त्याआधी टोमॅटो आटोपतो. झाडं मुळासकट उपटा, मुळांवर गाठी आहेत का ते बघा, आणि त्या जागी वांगी-मिरची न लावता गवार टोका.