बैठकीची तारीख ठरवण्याआधी तिथी बघा

किनारपट्टीच्या धोरणावर काम करायला जे नव्याने येताय, त्यांना सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्र) म्हणजे काय हे सांगत बसत नाही. २०११ आणि २०१९ या दोन्ही अधिसूचना मात्र मुळातून वाचा. नुसता सारांश वाचून आलेली माणसं पहिल्याच सुनावणीत गडबडलेली मी पाहिली आहेत.

माझा पाय अडकला तो वेगळ्याच जागी. पहिल्या वर्षी रायगडातल्या एका कोळीवाड्यात किनारा व्यवस्थापन आराखड्याचा नकाशा गावाला दाखवायचं काम माझ्याकडे होतं. सगळ्यांना सोयीचा म्हणून रविवार धरला. देवळाचा सभामंडप भरला, हजेरीपटावर सह्या झाल्या, हरकत कुणीच घेतली नाही. अहवालात मी लिहिलं, ‘ग्रामस्थांची सहमती आहे’.

तो रविवार पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आला होता. हे नीट समजून घ्या. डोल जाळं ओढत नेत नाहीत. ते एका जागी बांधून प्रवाहाच्या तोंडाशी धरतात, आणि पाण्याला ओढ असेल तरच बोंबील, जवळा त्यात शिरतो. ही ओढ अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाला असते. सप्तमी-अष्टमीला भांग लागतो, पाणी मंदावतं, होड्या किनाऱ्याला येतात. म्हणजे डोलकर हमखास समुद्रावर असणार, नेमका तोच दिवस मी निवडला. आणि उधाणाची मासळी आली की बायकांनाही निवडणं, वाळत घालणं, बाजार यातून मान वर करायला फुरसत नसते. मग सभामंडपात होतं कोण? पुढारी, निवृत्त मंडळी आणि किनाऱ्यालगत जमिनी घेऊन ठेवलेले दोघंतिघं.

महिन्याभराने एका आजींनी नकाशावर बोट फिरवत विचारलं, “बाय, माझं खळं कुठं हाय यात?” मासळी वाळवायची ती सगळी जागा नकाशात कोरी होती. आजींच्या बोटाची जवळ्याची भुकटी त्या कोऱ्या जागेवर उमटली. मच्छीमारांच्या सामाईक जागा, मासळी वाळवायच्या जागा, जेट्टी, बर्फाचे कारखाने गावपातळीच्या नकाशावर दाखवायचे, असं अधिसूचनेत स्पष्ट आहे. मी ते वाचलेलं होतं, पण नकाशाशी ताडून पाहिलं नव्हतं. अजून ते आठवलं की पोटात कालवतं.

पण घाबरू नका, अशी चूक सावरता येते. हरकतींची मुदत शिल्लक होती. अष्टमीला परत गेलो. बायकांनी खळ्यांच्या कडा चालून दाखवल्या, आम्ही त्या जीपीएसवर घेतल्या आणि हरकतीला जोडल्या. तेव्हापासून कालनिर्णय बघितल्याशिवाय मी तारीख देत नाही. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची साधारण वेळ मिळते, अष्टमीला सहाच्या सुमारास. हे गणित मला एका तांडेलाने, म्हणजे होडीच्या प्रमुखाने शिकवलं, कुठल्याही कार्यशाळेत कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून माझं ठाम मत आहे, मार्गदर्शक निवडताना त्यांचे शोधनिबंध मोजू नका, बंदरावर त्यांना किती जण नावाने हाक मारतात ते बघा.

ड्रोनने नकाशा काढून वेळ वाचवू म्हणणाऱ्यांपासूनही सावध राहा. जागेवर कुणाची वहिवाट आहे, ते वरून दिसत नाही.

नियमाचा भार कुणावर पडतो याचा विचार आधी केला तर काय फरक पडतो, ते बघा. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं आणि मच्छीमारांचा विरोध पुढे कित्येक वर्षं टिकला. उलट डिसेंबर २०१८ पासून राज्यात, जाळ्यात अडकलेलं कासव किंवा व्हेल शार्क सोडताना जाळं कापावं लागलं तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. वन आणि मत्स्यव्यवसाय या दोन खात्यांनी मिळून आणलेली ही योजना. कापलेल्या जाळ्याची किंमत कुणाच्या घरातून जाते, हा प्रश्न तिच्यात आधीच सोडवलेला आहे. होडीवाले स्वतःहून फोटो काढून पाठवतात.

निवांत बोलायचं असेल तर १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत जा. होड्या शाकारलेल्या असतात, पुरुष जाळी विणत बसलेले असतात. पहिले दोन दिवस नकाशा पिशवीतच राहू द्या.