क्रायोच्या दिवसाची तयारी: पडद्यावरची किडनी आणि टेबलावरची किडनी

किडनीतली 3-4 सेंटिमीटरच्या आतली गाठ सुईवाटे गोठवून मारायची असते (हेच क्रायो), तेव्हा नॅव्हिगेशनचा, म्हणजे सुई कुठे चालली आहे ते सीटीच्या चित्रावर दाखवणारा, पडदा फार मोलाचा. पण त्यावर दिसते ती किडनी काही मिनिटांपूर्वीच्या सीटीतली असते, आणि टेबलावरची किडनी श्वासागणिक वरखाली होत असते. या दोन्ही एका जागी आणणं हेच आपल्या तयारीचं खरं काम.

आदल्या दिवशी जुना काँट्रास्ट (शिरेतून औषध देऊन गाठ उठून दिसेल असा काढलेला) सीटी किंवा एमआरआय यंत्रात चढवून ठेवा. साध्या सीटीत काही गाठी किडनीत मिसळून जातात. जुनी प्रतिमा नवीवर बसवली की मगच कड कळते. रक्त पातळ करणारी गोळी कधी बंद केली हे फाइलवर असलं तरी रुग्णाला किंवा नातेवाइकांना तोंडी विचाराच. प्लेटलेट 50,000च्या खाली असतील तर डॉक्टरांना लगेच कळवा. पेसमेकर आहे का, तेही विचारा.

रुग्णाला पालथं किंवा कुशीवर झोपवल्यावर उशा, हात, पट्टे स्कॅनआधीच पक्के करा. नंतर उशी जरा सरकली तरी मांडलेलं गणित चुकतं. मार्करची पट्टी (यंत्राला रुग्णाची जागा कळावी म्हणून लावतात ती) घाम पुसून, कोरड्या कातडीवर लावा. ती सुटली तर पुन्हा चिकटवून भागत नाही, स्कॅन नव्याने घ्यावा लागतो. श्वास कुठे थांबवायचा ते भूलतज्ज्ञांशी आधी बोलून घ्या. श्वास सोडल्यावर असं ठरलं, तर स्कॅनला, सुई पुढे नेताना, तपासणीच्या स्कॅनला, दरवेळी तिथेच. मला विचाराल तर बाकी सगळ्यापेक्षा याला जास्त वेळ द्यावा. यंत्र चुंबकीय क्षेत्रावर चालणारं असेल तर लोखंडी ट्रे आणि स्टँड लांब ठेवा, नाहीतर सुईचं टोक पडद्यावर भलतीकडे दिसतं.

गोठवणाऱ्या आर्गॉन गॅसचा सिलिंडर भरलेला आहे ना, जोडीला दुसरा आहे ना, हे बघा. प्रत्येक प्रोब (गोठवणारी सुई) निर्जंतुक सलाइनच्या वाडग्यात बुडवून गॅस सोडा: टोकाभोवती पांढरा बर्फ धरला तर ठीक, बुडबुडे आले तर तो प्रोब बाजूला. बर्फाच्या गोळ्याची कड 0 अंशाची असते, पण पेशी खात्रीने मरायला उणे 20 ते उणे 40 अंश लागतात. म्हणून गोळा गाठीच्या चहूबाजूंनी किमान 5 मिलिमीटर पुढे जायला हवा, आणि प्रोब किती व कुठे हे त्या हिशेबाने ठरतं. आतडं जवळ असेल तर ते दूर ढकलायला किंचित काँट्रास्ट मिसळलेलं सलाइन आणि बारीक सुई तयार ठेवा.

बर्फ सुटल्याशिवाय प्रोब ओढायचा नाही, किडनी चिरू शकते. बहुधा 10 मिनिटं गोठवणं, 8 मिनिटं वितळणं, पुन्हा 10 मिनिटं गोठवणं, वर शेवटचं वितळणं आणि रक्तस्राव पाहायचा स्कॅन. तेव्हा त्या दुपारी सीटीला पाठोपाठची अपॉइंटमेंट देऊ नका, असं रिसेप्शनला सकाळीच सांगून ठेवा.