नवी बाइक, पहिला लांबचा पल्ला: या चुका टाळा

बाइक शिकून पाच-सहा महिने झाले, शहरातल्या ट्रॅफिकमध्ये हात बसला, की डोक्यात ताम्हिणी नाहीतर महाबळेश्वर घोळायला लागतं. जायलाच हवं. नवीन चालवणाऱ्यांबरोबर फिरताना मात्र मला एक गोष्ट सतत दिसते: चुका व्हायला लागतात त्या अंग अवघडल्यावर. हाताला मुंग्या आलेल्या असतात, पाठ भरून आलेली असते, हेल्मेटच्या काचेवर वाफ धरलेली असते आणि अर्धं लक्ष तिकडेच असतं. नेमकी तेव्हा वळणावर खडी येते. म्हणून आराम आणि सुरक्षितता हे दोन वेगळे विषय धरू नका. जे दुखतंय, टोचतंय, ते निघायच्या आधी दुरुस्त करा.

शोरूममधून आली तशीच गाडी चालवणं

गाडी ताब्यात मिळते तेव्हा तिचे लिव्हर तुमच्या हाताच्या मापाने लावलेले नसतात, आणि ते बदलता येतात हेच अनेकांना माहीत नसतं. गाडीवर नेहमीसारखे बसा, डोळे मिटा, हात हँडलवर ठेवून बोटं सरळ करा. बोटं अलगद लिव्हरवर टेकली पाहिजेत आणि मनगट कोपरापासूनच्या रेषेत राहिलं पाहिजे. बोटं टेकवायला मनगट वर वळवावं लागत असेल, तर लिव्हर फार वर आहे. त्याच्या पकडीचे बोल्ट सैल करायचे, लिव्हर थोडा खाली फिरवायचा, पुन्हा आवळायचा. मेकॅनिककडे पाच मिनिटांचं काम. तासाभराने मनगट दुखतं म्हणून येणाऱ्या कितीतरी तक्रारी एवढ्यानेच मिटतात. त्याच वेळी क्लचचं प्ले बघून घ्या. लिव्हरच्या टोकाशी साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळी हालचाल हवी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो.

आरशात स्वतःचे खांदे दिसत असतील तर आरसे बाहेर वळवा. मागचा रस्ता दिसायला हवा.

हँडल आवळून धरणं

ही चूक सगळेच करतात. शरीराचा भार हातांवर टाकला की मुंग्या येतात, खांदे वर चढतात, आणि प्रत्येक खड्ड्याचा धक्का हातातून हँडलमध्ये जाऊन गाडी डगमगते. भार पायांवर आणि सीटवर घ्या. गुडघे टाकीला टेकवा, पावलाचा पुढचा गादीचा भाग फुटरेस्टवर ठेवा, कोपर थोडे वाकलेले असू द्या. चालवताना मधूनच कोपर पंखासारखे हलवून बघा. सहज हलले तर बैठक बरोबर. ताठ असतील तर हँडल आवळलंय.

उजवा हात दुखतो तो बहुतेक ॲक्सिलरेटर मुठीत गच्च धरल्यामुळे. बोटं सैल सोडा, तळव्याने हलका दाब ठेवा. आणि दुखायला लागायच्या आधी थांबा. नवीन माणसाने तासाभराने उतरावं, पाणी प्यावं, चार पावलं चालावं. हेल्मेटमध्ये वारं लागत असल्याने तहान जाणवत नाही, पण अंगातलं पाणी कमी होत असतंच.

मापाबाहेरचं हेल्मेट

आयएसआयचा शिक्का बघून हेल्मेट घेतलं तरी काम अर्धंच झालं. घातल्यावर पट्टा लावा, मागचा काठ धरून हेल्मेट पुढच्या बाजूला उपसायचा प्रयत्न करा. निघून आलं तर अपघातातही निघेल. डोकं स्थिर ठेवून हेल्मेट डावी-उजवीकडे फिरवलं की गालाची कातडी त्याच्याबरोबर सरकली पाहिजे. नवं हेल्मेट गालाला थोडं घट्ट लागतंच, आतला फोम नंतर बसतो. कपाळावर एका जागी टोचत असेल तर मात्र तो साचा तुमच्या डोक्याचा नाही, दुसरं बघा. हनुवटीखाली पट्टा लावलेला नसेल तर हेल्मेट घातलं असं म्हणूच नका. मागे बसणाऱ्यालाही कायद्याने हेल्मेट सक्तीचं आहे, आणि पडताना दोघं सारखेच पडतात.

पावसात आणि धुक्यात काचेवर वाफ धरते ती आपल्याच श्वासाची. काच एक खाच उघडी ठेवली की बराच फरक पडतो. भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब आतून पुसून, वाळल्यावर कोरड्या मऊ फडक्याने चमकवला तरी काही तास काच स्वच्छ राहते. त्याहून चांगला उपाय म्हणजे आतून बसवायची पिनलॉक पट्टी. हेल्मेटला तिची सोय असेल तर जरूर घ्या. काळी काच रात्री नको.

पुढच्या ब्रेकला घाबरणं

‘पुढचा ब्रेक मारू नकोस, पडशील’ हा सल्ला प्रत्येक घरात मिळतो. तो प्रेमापोटी असतो, पण त्याने माणसं जखमी होतात. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं चाक हलकं होतं. त्यामुळे गाडी थांबवायची जास्त ताकद पुढेच असते. नुसता मागचा ब्रेक दाबला की हलकं झालेलं चाक लॉक होऊन घसरतं, आणि गाडी थांबायला कितीतरी जास्त जागा घेते.

पडायला होतं ते पुढचा ब्रेक एकदम खेचल्यावर, किंवा वळलेल्या हँडलने वाळूवर दाबल्यावर. दोन बोटांनी लिव्हर हळू दाबायला सुरुवात करा, पुढचा भाग खाली बसला असं जाणवलं की दाब वाढवा. जोडीला मागचा ब्रेक. १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं आहे. ते सुरू झालं की लिव्हर किंवा पेडल हाताला, पायाला थडथडतं. नवीन माणूस दचकून ब्रेक सोडतो. सोडू नका, दाबून ठेवा. ही थडथड पहिल्यांदा अनुभवायची जागा रिकामं मैदान आहे. रविवारी सकाळी लवकर जा, ताशी वीसच्या वेगापासून सुरुवात करा.

घाटात उतरताना

चढण सगळ्यांना अवघड वाटते, पण परीक्षा उतारावर असते. पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडणं किंवा इंजिन बंद करणं हा घाटातला सगळ्यात वाईट प्रकार. इंजिनचा आधार गेला की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि पकड सोडतात. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर अवजड गाड्यांचे अपघात पुन्हा पुन्हा झाले आहेत, आणि न्यूट्रलमध्ये सोडलेल्या ट्रकची चर्चा अनेकदा झाली आहे. आपली गाडी हलकी असली तरी नियम तोच. जो चढ ज्या गिअरमध्ये चढाल, तो उतार त्याच गिअरमध्ये उतरा.

वेग वळणाच्या आधी कमी करायचा. वळणात शिरल्यावर ब्रेक आठवला म्हणजे उशीर झाला. नजर वळण जिथे संपतं तिथे ठेवा, मान पूर्ण वळवून. दरीच्या कठड्याकडे बघत राहिलात तर गाडी कठड्याकडेच जाते. समोरून येणाऱ्या ट्रकचंही तेच. वारंधा, आंबोलीसारख्या घाटांत हेअरपिन, म्हणजे उलट फिरणाऱ्या तीव्र वळणावर एसटीला आपली बाजू सोडून फिरावंच लागतं, तेव्हा मध्यरेषेला चिकटून वळू नका. वळणाआधी हॉर्न द्या, रात्री डिपर द्या, आणि अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या.

डावीकडे किती सरकायचं यालाही मर्यादा आहे. पावसाळ्यात साइडपट्टी वाहून गेलेली असते, डांबराच्या कडेला वीतभर खोल पायरी तयार होते. चाक खाली उतरलंच तर लगेच वर चढवायला जाऊ नका. वेग कमी करा आणि सपाट जागा बघून, थोडं आडवं घेऊन वर या. फोटोसाठी वळणावर तर कधीच थांबू नका.

पाऊस

जूनच्या पहिल्या सरींत रस्ता सगळ्यात निसरडा असतो, कारण महिनोन्‌महिने साचलेलं ऑइल आणि धूळ वर येते. पांढरे पट्टे, गटाराची झाकणं, पुलांवरचे लोखंडी जोड यांवर ब्रेक नको आणि गाडी तिरकीही नको. रेल्वेचे रूळ शक्य तितके काटकोनात ओलांडा. पाण्यातून गेल्यावर दोन्ही ब्रेक हलके दाबून ठेवत थोडं अंतर चाला, म्हणजे ते वाळतात. फरशी पुलावरून वाहतं पाणी असेल तर गाडी परत फिरवा. गुडघ्याच्या खालचं पाणीही बाइक ओढून नेतं.

निघायच्या आधी

हवा गार टायरमध्ये भरा, चेनकव्हरवर किंवा स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) लिहिलेल्या आकड्यानुसार. मागे माणूस बसणार असेल तर तिथलाच दुहेरी वजनाचा आकडा घ्या. बांधलेल्या सामानाचं वजन सीटच्या मध्याकडे असू द्या. मागे बसणाऱ्या बाईंची ओढणी किंवा पदर खोचलेला आहे का, हे थांबून बघा. मोबाइलच्या नकाशात दुचाकीचा पर्याय निवडा, कारण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे.

वाटेत काही बिघडलं तर

हँडल थरथरायला लागलं तर ब्रेक खेचू नका आणि हँडल आवळूही नका. हात सैल, गुडघे टाकीला घट्ट, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा. थांबल्यावर हवा तपासा, सामान फार मागे लोंबतंय का बघा. दोन्ही ठीक असेल तर मेकॅनिककडून कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) आणि चाकाचं बेअरिंग बघून घ्या.

चेन खडखडत असेल तर ती सैल किंवा कोरडी आहे. पावसात साधारण पाचशे किलोमीटरला साफ करून लुब्रिकंट लावा, इंजिन बंद ठेवून, चाक हाताने फिरवत. चालू चाकाला फडकं लावून बोटं गमावलेली माणसं आहेत.

चालत्या गाडीत पंक्चर झालं तर हवा गेलेल्या चाकाचा ब्रेक टाळा, दुसऱ्या चाकाच्या ब्रेकने सरळ रेषेत हळू थांबा.

गाडी सुरूच होत नसेल तर मेकॅनिकला फोन करायच्या आधी क्रमाने बघा: लाल किल स्विच (इंजिन बंद करायचं हँडलवरचं बटण), साइड स्टँड, न्यूट्रलचा दिवा, पेट्रोल. अनेक नव्या गाड्या स्टँड खाली असताना गिअरमध्ये सुरू होत नाहीत, क्लच दाबल्याशिवायही नाहीत. स्टार्टर नुसता टिकटिक करत असेल तर बॅटरी उतरली आहे. किक असेल तर मारा. नसेल तर सपाट, मोकळ्या जागी दुसऱ्या गिअरमध्ये क्लच दाबून कुणाला तरी ढकलायला सांगा आणि वेग आला की क्लच सोडा. बॅटरी पूर्ण मेली असेल तर फ्युएल इंजेक्शनची गाडी अशीही सुरू होणार नाही. मग ती रस्त्यापासून दूर सावलीत लावा आणि मदत बोलवा.