पंखे फिरतात, पण संगणक सुरू होत नाही: दोष शोधावा कसा?

डेस्कटॉपचे बटण दाबताच कॅबिनेटवरचा दिवा लागतो आणि पंखे फिरू लागतात, पण मॉनिटर काळाच राहतो किंवा एखादी इंग्रजी ओळ दाखवून तिथेच अडून बसतो. अशा वेळी दुरुस्तीवाल्याला बोलावले, तर 'फॉरमॅट मारावा लागेल' हे वाक्य पुष्कळदा लगेचच ऐकायला मिळते. हे निदान बहुतेक वेळा घाईचे असते. फॉरमॅट करणे म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणे, आणि जो संगणक अजून विंडोजपर्यंत पोहोचलेलाच नाही त्याला या उपायाचा काडीचाही उपयोग नाही. म्हणून स्क्रू-ड्रायव्हर हाती घेण्यापूर्वी संगणक नेमका कोणत्या टप्प्यावर थांबतो, ते शांतपणे पाहावे.

टप्प्यांचा क्रम ठरलेला असतो. एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा, वीज पुरवतो आणि ती स्थिर झाल्याचा इशारा मदरबोर्डला, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या मुख्य पाटीला, देतो; त्यानंतर प्रोसेसर बायोसमधल्या, म्हणजे मदरबोर्डवरच साठवलेल्या सुरुवातीच्या प्रोग्राममधल्या, सूचना वाचू लागतो, बायोस रॅम (तात्पुरती मेमरी) आणि ग्राफिक्स यांची तपासणी करतो, डिस्क शोधतो आणि शेवटी डिस्कवरच्या बूटलोडरकडे, म्हणजे विंडोज सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रामकडे, कारभार सोपवतो. मदरबोर्डच्या कंपनीचे बोधचिन्ह दिसले, तर प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स निदान काम करण्याइतके ठीक आहेत असे समजावे आणि लक्ष डिस्ककडे वळवावे. काहीच दिसत नसेल, तर डिस्कचा विचार तूर्त बाजूला ठेवावा.

काहीच दिसत नसेल तेव्हा आधी मॉनिटरची शहानिशा करावी. संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल, तर केबल त्या कार्डालाच जोडलेली हवी. साफसफाईनंतर ती चुकून मदरबोर्डच्या पोर्टमध्ये जाणे अगदी नेहमीचे आहे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या क्रमांकाच्या शेवटी 'एफ' हे अक्षर असते त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते, त्यामुळे तिथे मदरबोर्डचे पोर्ट कधीच चित्र देणार नाही. मग मिनिटभर थांबून की-बोर्डवरचे कॅप्स लॉक दाबून पाहावे. त्याचा दिवा दर वेळी लागत-विझत असेल, तर संगणक आतून जिवंत आहे आणि दोष ग्राफिक्स, केबल किंवा मॉनिटरमध्ये शोधायचा आहे.

कॅबिनेट उघडण्यापूर्वी मेन स्विच बंद करून वायर काढावी, नंतर पॉवर बटण काही सेकंद दाबून धरावे म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते, आणि अंगावरची स्थिर वीज उतरावी म्हणून कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा. एसएमपीएसचा डबा मात्र काहीही झाले तरी उघडू नये, कारण वायर काढल्यानंतरही त्याच्या कपॅसिटरमध्ये धोकादायक व्होल्टेज साठून राहू शकते.

काळ्या पडद्यामागे रॅमचा संपर्क सैल झालेला असणे किंवा त्यावर मळ बसलेला असणे हे फार नेहमीचे कारण आहे, आणि दमट हवेच्या गावांत तर सगळ्यात आधी तिथेच पाहावे. दोन्ही टोकांच्या खिट्ट्या उघडून रॅम सरळ वर ओढून काढावी. काही मदरबोर्डांवर खिट्टी एकाच बाजूला असते, तिथे दुसरे टोक जोर लावून ओढू नये. खालच्या कडेचे सोनेरी संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या स्वच्छ कापडाने पुसावेत. आपल्याकडे सर्रास खोडरबर वापरतात. तो मऊ असेल आणि हात हलका असेल तर काम होते, पण त्याचा कचरा स्लॉटमध्ये जाता कामा नये आणि घासताना सोनेरी मुलामा निघता कामा नये. पुन्हा बसवताना रॅमवरची खाच स्लॉटमधल्या उंचवट्याशी जुळवून दोन्ही टोकांवर दाब द्यावा. खिट्टी 'टक्' असा आवाज करून आपोआप मिटली, तरच रॅम नीट बसली. दोन पट्ट्या असतील, तर एका वेळी एकच लावून पाहावी. चार स्लॉटच्या मदरबोर्डवर एकट्या पट्टीसाठी सहसा प्रोसेसरपासून मोजलेला दुसरा स्लॉट वापरतात, तरी सोबतची पुस्तिका पाहिलेली बरी. डीडीआर5 या नव्या पिढीची रॅम बदलल्यानंतर पहिल्या वेळी पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो, कारण मदरबोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. तेवढ्यात घाबरून संगणक बंद करू नये.

मदरबोर्ड स्वतःही दोष सांगत असतो. अनेक नव्या मदरबोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट (डिस्कवरून सुरू होणे) अशा नावांचे चार बारीक दिवे असतात. जो लागून राहतो, त्या भागाशी संगणक अडला आहे. जुन्या मदरबोर्डांवर हेच काम स्पीकरची शिटी करते, पण शिट्यांची सांकेतिक भाषा बायोस बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीची वेगळी असते.

वीजपुरवठा तपासताना 24 पिनांच्या मोठ्या जोडणीबरोबरच प्रोसेसरजवळची 4 किंवा 8 पिनांची जोडणीही पाहावी, कारण ती सुटलेली असली तरी पंखे आनंदाने फिरतात आणि संगणक पुढे सरकत नाही. पंखे 12 व्होल्टवर चालतात. 5 आणि 3.3 व्होल्टचा पुरवठा बिघडला तरी ते फिरत राहू शकतात, त्यामुळे पंख्यांवरून एसएमपीएसला निर्दोष ठरवू नये. मल्टीमीटर वापरता येत असेल, तर संगणक चालू असताना 12 व्होल्टच्या वायरवर 11.4 ते 12.6 आणि 5 व्होल्टच्या वायरवर 4.75 ते 5.25 एवढे आकडे मिळायला हवेत. अन्यथा तेवढ्याच क्षमतेचा दुसरा एसएमपीएस लावून पाहणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

घड्याळ दर वेळी मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर2032 हा नाण्याएवढा सेल बदलावा. तो 3 व्होल्टचा असतो आणि स्वस्तात मिळतो. वायर काढून हा सेल काही मिनिटे बाहेर ठेवल्यास बायोसच्या सेटिंग बहुधा मूळ स्थितीत येतात आणि चुकीच्या ओव्हरक्लॉकिंगमुळे, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवल्यामुळे, अडलेला संगणक त्याने मार्गी लागतो. मात्र त्याबरोबर डिस्क हाताळण्याची पद्धत, म्हणजे एएचसीआय की रेड, आणि संगणक सुरू होण्याची पद्धत, म्हणजे नवी यूईएफआय की जुनी लेगसी, ही निवडही बदलू शकते, आणि मग आतापर्यंत धड असलेले विंडोजही उघडत नाही. बायोस दिसत असेल, तर आधी या दोन्हींचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

बोधचिन्हानंतर 'नो बूटेबल डिव्हाइस' अशा अर्थाचा संदेश आला, तर प्रथम लावलेले सगळे पेनड्राइव्ह काढावेत, कारण काही संगणक त्यांच्यावरूनच सुरू व्हायचा प्रयत्न करतात. नंतर बायोसमध्ये डिस्कचे नाव दिसते का, ते पाहावे. दिसत असेल तर बूटचा क्रम सुधारावा. दिसत नसेल तर साटाची, म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडणारी, केबल बदलावी, मदरबोर्डवरचे दुसरे पोर्ट वापरून पाहावे किंवा एम.2 पद्धतीची, म्हणजे थेट मदरबोर्डवर बसणारी, एसएसडी काढून पुन्हा बसवावी. हार्ड डिस्कमधून ठरावीक अंतराने टकटक ऐकू येत असेल आणि तिच्यातल्या माहितीची दुसरी प्रत नसेल, तर ती पुन्हा पुन्हा चालू करू नये. प्रत्येक प्रयत्नात माहिती परत मिळण्याची शक्यता घटू शकते.

विंडोजचे चिन्ह येऊन गाडी तिथेच अडली, तरच प्रश्न विंडोजचा समजावा. सुरू होण्याचे प्रयत्न लागोपाठ फसले की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखवते. तिथे आधी 'स्टार्टअप रिपेअर' आणि त्याने भागले नाही, तर सेफ मोड, म्हणजे फक्त अत्यावश्यक गोष्टींसह विंडोज चालवण्याची सोय, वापरून नुकताच आलेला ड्रायव्हर किंवा अपडेट काढावा. डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या सुरक्षेच्या सोयीने कुलूपबंद असेल, तर या टप्प्यावर 48 अंकी रिकव्हरी की (कुलूप उघडणारा क्रमांक) मागितली जाऊ शकते. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सायबर-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज संगणक अडले, तेव्हा सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसणे एवढाच उपाय होता, पण ही की हाताशी नसलेल्या कार्यालयांत तेवढ्यासाठीही ताटकळावे लागले. घरच्या संगणकाची की बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते आणि ती मोबाइलवरून लॉग-इन करूनही पाहता येते.