इंटर्नशिपचा रिपोर्ट लिहिताना या चुका टाळा

चाकण-भोसरीच्या कारखान्यांत दरवर्षी इंजिनिअरिंगची मुलं इंटर्नशिपला येतात. हुशार असतात, तेलात हात घालायला मागेपुढे पाहत नाहीत. अडतात ती लिहिताना. त्यांचे रिपोर्ट मी बरीच वर्षं वाचतोय, आणि चुका त्याच त्या दिसतात.

मुद्दा तळाशी पुरणं

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. कॉलेजात प्रस्तावना, उद्दिष्ट, पद्धत आणि मग निष्कर्ष अशी सवय लागते, कारण परीक्षकाला सगळं वाचावंच लागतं. प्रॉडक्शन मॅनेजरला मात्र मशीन चालू ठेवायचं की थांबवायचं, एवढंच ठरवायचं असतं.

२००३ मध्ये कोलंबिया यान अवकाशात असताना पंखावर आदळलेल्या फोमबद्दल इंजिनिअरांनी नासाला एक स्लाइड दाखवली. मथळा दिलासा देणारा होता. सगळ्यात खालच्या ओळींत मात्र लिहिलं होतं: फोमचं आकारमान १९२० घनइंच, चाचणीतल्या तुकड्याचं ३ घनइंच. म्हणजे ६४० पट फरक! १ फेब्रुवारीला परतताना यान तुटलं, कल्पना चावलांसह सातही अंतराळवीर गेले. अपघात काही स्लाइडमुळे झाला नाही, पण चौकशी मंडळानं आपल्या अहवालात त्या स्लाइडची मुद्दाम दखल घेतली. मी प्रत्येक बॅचला हे सांगतो.

‘थोडा’, ‘बराच’, ‘कधीकधी’

‘बोअर (म्हणजे भागातलं गोल भोक) थोडा मोठा येतोय’ यावर कुणी काय करायचं? असं लिहा: ‘२५ एच७ बोअर, वरची मर्यादा २५.०२१ मिमी. १०.४० ला इन्सर्ट बदलल्यानंतर तपासलेल्या ५ पैकी ३ नगांत माप २५.०२८ ते २५.०३२.’ (एच७ म्हणजे भोकाच्या मापाला दिलेली ठरलेली सूट; इन्सर्ट म्हणजे हत्याराचं बदलता येणारं कापणारं टोक.) मोजलं कशानं, तेही लिहा. ०.०२ मिमी लघुतम माप असलेल्या व्हर्निअरनं २५.०२८ वाचताच येत नाही. बोअर गेज वापरला असेल तर त्याचा नंबर टाका. हा एक तपशील नसला, तर वाचणारा तुमच्या बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवत नाही.

‘तपासणी करण्यात आली’ हेही तसंच. कुणी केली, कोणत्या शिफ्टला?

पहिली आठ पानं कंपनीच्या इतिहासाची नकोत, कंपनीला तो माहीत आहे. आणि ग्राहकाचं ड्रॉइंग किंवा नाव कॉलेजच्या रिपोर्टात घालण्याआधी लेखी परवानगी घ्या. इथं चूक झाली तर पुढच्या मुलांचीही दारं बंद होतात.

इंग्रजीच्या धास्तीनं फुगलेली वाक्यं

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचं मला विशेष वाईट वाटतं. मशीन त्यांना नेमकं कळलेलं असतं, पण कागदावर इंटरनेटवरून उचललेली चार-चार ओळींची वाक्यं येतात. त्यापेक्षा शेजारच्या ऑपरेटरला मराठीत सांगून बघा. तोंडातून जे वाक्य पहिलं निघेल, तीच रिपोर्टची पहिली ओळ.

वरच्याच बोअरचा रिपोर्ट एका मुलीनं आधी दीड पान लिहिला होता. मी म्हटलं, ‘मला तोंडी सांग बरं.’ मग तिनं मेलमध्ये तीनच वाक्यं टाकली: ‘इन्सर्ट चेंज्ड ॲट १०.४०. बोअर ओव्हरसाइज सिन्स देन. मशीन स्टॉप्ड.’ सेटरनं, म्हणजे मशीन लावून देणाऱ्यानं, वाचलं आणि मशीनच्या स्क्रीनवर थेट ऑफसेटचं (हत्याराच्या जागेत केलेल्या दुरुस्तीचं) पान उघडलं. जुन्या इन्सर्टच्या झिजेसाठी दिलेला ऑफसेट तसाच राहिला होता.